सत्त्याऐंशी टक्क्यांवर अडलेली चंद्री

किस्से जमवायला लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माझ्या दुकानात तर धूळ आणि किस्से यांची शर्यतच लागलेली असते, आणि त्यातली धूळ मी रोज झाडते!

मी बहात्तर वर्षांची. शाळा सातवीपर्यंत. नवऱ्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात डबा घेऊन जायचे आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उघड्या पडलेल्या रेडिओंकडं बघत उभी राहायचे. बघून बघून शिकले. कुणी शिकवलं नाही, त्यामुळं कुणाचे उपकारही नाहीत. रेडिओ गेले, टेप गेले, व्हीसीआर आले आणि गेले. आता कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर आलेत. मी होते तिथंच आहे. रेकॉर्डरमधली लहान हार्ड डिस्क भरली, की ती काढून मोठी बसवायची आणि जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून द्यायचं, हे माझं काम. दुकानाला बोर्ड नाही. ज्याला गरज असते तो विचारत विचारत येतो.

सोबत शकीला. तीस वर्षं झाली. सोल्डरिंगचा तिचा हात असा, की डाग शोधावा लागतो. मी दिवसभर बोलते. ती दिवसात चार वाक्यं बोलते, पण चारही लागतात.

आमच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच. "अक्का, किती वेळ लागंल?" मग ते बाकावर बसतं. बसलं की बोलतं. झाला किस्सा!

*

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी अकराला बाकावर दोन माणसं येऊन बसली, आणि दोघांच्या मध्ये तिसरं माणूस मावेल एवढी जागा.

बावड्याचे सर्जेराव आणि त्यांची बायको कमळावहिनी. मांडीवर त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा रेकॉर्डर. दुकानदाराला तसंही मोठी डिस्क घालायचीच होती, ते काम या दोघांनी अंगावर घेतलेलं.

"काय घाई?" मी विचारलं.

"अक्का, ह्यास्नी सांगू दे," वहिनी म्हणाल्या.

"अक्का, तिलाच सांगू दे," सर्जेराव म्हणाले.

तीन आठवडे बोलणं बंद! कारण चंद्री. चंद्री म्हणजे त्यांची म्हैस.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. शिंगं रंगवायची, पायात घुंगरू बांधायचे, पुढं मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर, आणि त्या आवाजामागं म्हैस सुसाट. म्हैस चेहरा बघून पळत नाही, आवाज ऐकून पळते. यंदा ऐन पाडव्याला सर्जेरावांची मोटरसायकल सुरूच होईना. शंभर किका मारल्या. तेव्हा वहिनींनी पदर खोचला, रोज दूध घालायला जायची आपली जुनी फटफटणारी मोपेड काढली आणि निघाल्या. चंद्री मागं! अख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बाई पुढं आणि म्हैस मागं, असं तिथं कुणी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी कट्ट्यावर सर्जेराव म्हणाले, "अरं, तिच्या मागं कशाला येतीया? मी फुडं कोपऱ्यावर उभा राहून शिट्टी मारत हुतो. चंद्री माझ्या शिट्टीला आली."

झालं. पैज लागली. कॅमेऱ्यात सर्जेराव कोपऱ्यावर पुढं उभे दिसले तर येत्या पाडव्याला चंद्रीला ते नेणार आणि वहिनींनी दारात आरतीचं ताट घेऊन उभं राहायचं. पुढं दिसले नाहीत, तर इथून पुढं दरवर्षी वहिनीच नेणार, आणि लाऊडस्पीकरवर 'सर्जेरावांची चंद्री' नाही, 'कमळाबाईंची चंद्री' असं पुकारायचं!

पुरावा एकच, कोपऱ्यावरचा कॅमेरा. त्याला कान नव्हते, शिट्टी ऐकू येणार नव्हती. पण कोण कुठं होतं ते दिसणार होतं. अडचण अशी, की डिस्क भरली की रेकॉर्डर सगळ्यात जुना दिवस पुसून त्यावर नवा लिहितो, आणि सगळ्यात जुना दिवस आता पाडवाच उरला होता. त्यात डिस्क आजारी. लावली की कण्हायची आणि पाडव्याला आली की चित्र गोठायचं. म्हणजे आधी सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं, मगच बघायचं.

"पाचला धारंची येळ हाय," वहिनी म्हणाल्या. "चंद्री दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय."

"साडेचारला देते," मी म्हणाले. आणि मी एकदा म्हणाले की म्हणाले.

*

आता माझी कॉपी भराभर कशी होते, त्याची गोष्ट.

एकदा एका मोठ्या कंपनीचा इंजिनिअर गावात आला होता. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. एका पतसंस्थेच्या रेकॉर्डरची डिस्क मोठी करायची होती. त्यानं एक डिस्क यूएसबीच्या डबीत घातली, दुसरी दुसऱ्या डबीत, आणि कॉपी लावली. स्क्रीनवर आलं, एकोणीस तास! संस्थेचा मॅनेजर त्याला घेऊन माझ्याकडं आला.

मी दोन्ही डिस्का डबीतून काढल्या. कॉम्प्युटर उघडला आणि दोन्हींना सरळ आतल्या बोर्डावर आपापली वेगळी वायर दिली. मग कमांड लिहिली. त्यात एका वेळी किती माल उचलायचा तो आकडा असतो. त्याच्या कमांडमध्ये तो अगदी चिमूटभर होता. मी दोन हजार पट केला.

तो म्हणाला, "मॅडम, एवढ्यानं काय होणार?"

मी म्हटलं, "पावणं, कधी ऊस तोडलाय? एकेक कांडं उचलून ट्रॉलीपर्यंत नेलं तर फड कधी संपेल? मोळी बांधायची! खेप तीच, चालणं तेच, माल किती जातो बघा."

तीन तासांत काम झालं. मग वहीच काढली त्यानं. "मॅडम, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?"

"उसाच्या फडात," मी म्हणाले. "पण ॲडमिशन लहानपणीच घ्यावी लागते!"

*

हा किस्सा ऐकून कमळावहिनी हसल्या. सर्जेरावही हसणार होते, पण त्यांनी मिशी सावरून ते परतवलं. कॉपी एकवीस टक्क्यांवर होती.

"अक्का, डिस्क एवढी का तापतीया?" त्यांनी विचारलं.

तापण्यावरून मला हुपरीचे पाहुणे आठवले.

हुपरीत घराघरात चांदीचं काम. अशाच एका घरच्या कारखान्यातला रेकॉर्डर आला. डिस्क आतच ठेवून कॉपी लावली तर मुंगीच्या चालीनं. हात लावला तर डिस्क तव्यासारखी! पंख्याची जाळी धुळीनं बुजलेली, वारा जाणार कुठून? मी ब्लोअर घेतला आणि अंगणात निघाले.

पाहुणे उडी मारून आडवे आले. "अक्का, थांबा! ती धूळ न्हाय, त्यात चांदी हाय!"

आणि खरंच असते. कारखान्यातला केरसुद्धा ते टाकत नाहीत, साठवतात आणि गाळून घेतात. मग काय, दुकानात वर्तमानपत्र अंथरलं. मी रंगाच्या मऊ ब्रशनं एकेक पातं झाडत होते आणि पाहुणे कागदावर हात धरून पूजेला बसल्यासारखे बसले होते. सगळी धूळ पुडीत गेली. कॉपीचा वेग लगेच दुप्पट झाला, पण पाहुण्यांचं लक्ष माझ्याकडंच!

"अक्का, रागवू नका, पण पदर जरा झाडा की."

मी झाडला. मी रागीट आहे, पण दुसऱ्याच्या धंद्याचा मान ठेवते.

तेवढ्यात धुळीनं शकीलाला शिंक आली. पाहुणे कळवळून ओरडले, "ताई, शिंकायचं तर कागदावर शिंका की वो!"

*

दुपारी एकला डिस्क छत्तीस टक्क्यांवर होती. वहिनींनी भाकरी सोडली. तीन भाकरी होत्या. एक त्यांनी माझ्या हातात दिली, एक शकीलाच्या. तिसरीचे दोन तुकडे केले आणि एक मला देऊन म्हणाल्या, "अक्का, हे त्यांच्याकडं द्या."

ते हाताच्या अंतरावर होते!

सर्जेरावांनी भाकरी घेतली आणि म्हणाले, "अक्का, तिला इचारा, ठेचा न्हाय का आणला?"

ठेचाही माझ्यामार्फतच गेला. बोलणं रुळावर येईना म्हणून मी त्यांना गगनबावड्याचं सांगितलं.

तिथला एक लॉजवाला. त्याचा रेकॉर्डर आला तो गोधडीत गुंडाळून, दमट होऊ नये म्हणून. गोधडीला चुलीच्या धुराचा वास. त्याला डिस्क चौपट मोठी हवी होती. मी कॉपी केली आणि उघडून बघितली. पांढरं! नुसतं पांढरं. वाटलं, कॉपी फसली. पुन्हा केली. पांढरं. केबल बदलली, तिसऱ्यांदा केली. तरी पांढरं! आयुष्यात पहिल्यांदा मला घाम फुटला. लॉजवाल्याला फोन लावला आणि म्हटलं, "बाबा, माझ्या हातून तुझं रेकॉर्डिंग गेलं."

तो धावत आला. स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाला, "कुठं गेलंय? हा जून हाय की!"

"म्हणजे?"

"धुकं, अक्का. जुलै तर ह्याच्याहून पांढरा असतोय."

मी विचारलं, "मग चौपट मोठी डिस्क कशाला रे बाबा?"

तो गंभीरपणे म्हणाला, "एकाच महिन्याचं मावत हुतं. बाकीच्या तीन महिन्यांचं धुकं पुसलं जायाचं, मनाला बरं वाटंना."

सर्जेरावांना ठसका लागला. वहिनींनी तांब्या उचलला आणि सवयीनं थेट त्यांच्याच हातात दिला. मग लक्षात आलं तसा चटकन हात मागं घेतला. शकीलानं ते बघितलं आणि दिवसातलं दुसरं वाक्य बोलली. "अक्का, धुकं विरळ व्हायला लागलंय."

*

पहिलं वाक्य कुठलं, ते सांगायचं राहिलंच. कॉपी लावायच्या आधी मी ओरडून विचारते, "जुनी कुठली?" शकीला डिस्कला बांधलेला लाल दोरा हातात धरून म्हणते, "ही जुनी!" तिनं म्हटल्याशिवाय मी बटण दाबत नाही. मला कुणी नियम लावलेला खपत नाही. हा माझा मीच लावून घेतलाय, आणि त्याला कारण आहे.

पूर्वी दोरा नव्हता, कुंकू होतं. भरलेल्या जुन्या डिस्कला कुंकवाचं बोट, कोरी तशीच. म्हणजे कुंकवाच्या डिस्कवरून बिनकुंकवाच्या डिस्कवर. चुकायचा प्रश्नच नाही!

खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा. पाटावर स्क्रूड्रायव्हर, पक्कड, मीटर, सोल्डरिंग गन, सगळं मांडलं. टेबलावर माझ्या नणंदेच्या, इंदूवन्संच्या टीव्ही रेकॉर्डरची डिस्क होती, शेजारी तिच्या जागी बसवायला आणलेली नवी मोठी डिस्क होती. वन्संनी एका मालिकेचे चाळीस भाग साठवले होते, मुलीकडून परत आल्यावर निवांत बघायला. मी भक्तिभावानं सगळ्यांना हळदकुंकू लावत गेले.

शकीला म्हणाली, "अक्का, सगळ्यांनाच लावलंत?"

मला वाटलं, टोमणा मारतीय. मी ठणकावलं, "देव सगळ्यांत असतो!"

दुपारी कॉपी लावली. इतकी झरझर झाली की मी स्वतःवर खूश. उघडून बघते तर दोन्ही डिस्का कोऱ्या! कोरी डिस्क मी भरल्या डिस्कवर उतरवली होती, मोळ्या बांधून, पूर्ण वेगानं!

वन्संपुढं खोटं बोलणं जमलं नाही. म्हटलं, "वन्सं, मी रोज बघत होते ती मालिका. मी सांगते तुम्हाला." चार दुपारी त्यांच्या घरी बसून चाळीस भाग तोंडानं सांगितले. आठवलं ते आठवलं, बाकीचं रचलं. ती कपटी सासू मला पहिल्यापासून आवडत नव्हती, तिला मी तेविसाव्या भागात विहिरीत पाडली.

महिन्याभरानं मालिका पुन्हा दाखवायला लागले. वन्संचा रागानं फोन. "अगं, ह्यांनी मालिका पार बिघडवून ठेवलीय! ती सासू अजून जित्ती हाय!"

*

वहिनींचा चेहरा उतरला. "अक्का, आमची चंद्री न्हवं का पुसली?"

दोरा दाखवला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. कॉपी सत्त्याऐंशी टक्क्यांवर होती. साडेतीन वाजले होते.

चार वाजायला दहा कमी असतानाही सत्त्याऐंशीच.

डिस्क कण्हत होती. टक्, टक्, आणि गप्प. पुन्हा टक्, टक्. खराब जागा लागली होती. अशी जागा लागली की मी तिथं अडून बसत नाही. ती सोडून पुढं जायचं, बाकीचं आधी उतरवायचं, आणि शेवटी खड्ड्याकडं परत यायचं. तसं केलं. सरसर नव्व्याण्णवपर्यंत गेलं. राहिला तो खड्डा. कुठला दिवस म्हणून बघितलं.

पाडवा!

पुन्हा लावलं. पुन्हा टक्, टक्. डिस्क भाजत होती. टेबल फॅनचं स्टँड मोडलेलं, तो वारा भलतीकडं घालायचा. मी काही बोलायच्या आत सर्जेराव उठले, पंखा दोन्ही हातांनी उचलला आणि डिस्कच्या तोंडावर धरून उभे राहिले. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं.

"अक्का, ह्यास्नी सांगा, हात भरून आलं असतील तर मी धरते."

"अक्का, तिला सांगा, न्हाय भरलं."

भरले होते. डिस्क गेली असती तर पैज मोडली असती, आणि नाव तसंच राहिलं असतं, सर्जेरावांची चंद्री. पण पंखा खाली आला नाही.

सव्वाचार. टक्, टक्. मी म्हटलं, "सर्जेराव, ही पुढं सरकायला तयार नाही."

पंखा धरल्याधरल्याच ते म्हणाले, "अक्का, अडलेल्या म्हशीला फुडनं वडत न्हाईत. ती पाय रोवती. मागनं जावा की."

उलटं वाचायची सोय माझ्या प्रोग्राममध्ये होती. खड्ड्याच्या पुढच्या टोकाकडून मागं येत यायचं. मला माहीत होती, आणि तापलेल्या डोक्यात आठवली नव्हती! बहात्तराव्या वर्षी मला कुणी काही शिकवलेलं आवडत नाही. पण शिकले. एक अक्षर वाढवलं आणि एंटर दाबलं.

टक्... आणि मग सरसर सरसर. खड्डा मागून भरत आला.

शंभर!

शकीला म्हणाली, "म्हैस निघाली." तिसरं वाक्य.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. मी बोलले होते साडेचार!

*

नवी डिस्क रेकॉर्डरला लावली. शकीलानं चहा ठेवला. पाडवा काढला. कोपरा, किराणा दुकानाची पायरी, दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी. आवाज नाही. सगळे एकाच दिशेला बघतायत.

पुढं कुणी शिट्टी मारणारा? मी सगळा कोपरा नीट बघितला. नव्हता.

मग मोपेड आली. कमळावहिनी, पदर खोचलेला, मान ताठ. मागं चंद्री, रंगवलेली शिंगं वर, घुंगरू उडतायत. दोघी कोपऱ्यावरून वळल्या आणि गेल्या. रस्ता रिकामा झाला. माणसं टाळ्या वाजवतायत.

आणि मग सर्जेराव आले. धावत. फेटा सुटून गळ्यात आलेला, एक चप्पल पायात, एक हातात, तोंड उघडं. तेही वळले आणि गेले.

वहिनींनी पदर तोंडाला लावला होता, खांदे हलत होते. शेवटी म्हणाल्या, "अक्का, ह्यास्नी सांगा, दोघंबी माझ्याच मागं हायती."

आणि घड्याळाकडं बघून उठल्या. "जाते. धारंची येळ झाली."

सर्जेरावांनी ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर, कपातला चहा फुंकत, हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "अक्का, उतरवायला साडेपाच तास लागलं न्हवं? पुसायला किती लागतील?"

मी बोलायच्या आधी शकीलानं दिवसातलं चौथं वाक्य काढलं. "भाऊ, आमच्याकडं फक्त उतरवतात."

बाहेर वहिनींनी मोपेडला किक मारली. फट्, फट्, फट्...

सर्जेरावांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि निघाले. एक चप्पल पायात, एक हातात.